उरलेलं पुढच्या अंकात

कोल्हापूरहून कोयना एक्सप्रेसने निघालं की मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा असं करत दुपार उलटते. जेजुरी मागे पडली की डब्यात हालचाल सुरू होते. सीटखालच्या पिशव्या ओढल्या जातात, झोपलेल्या पोरांची तोंडं पुसली जातात. मी आणि माझी धाकटी बहीण मात्र त्या वेळी खिडकीच्या गजाला गाल लावून बसायचो. पुण्याच्या अलीकडे एक बारकं स्टेशन येतं. आमची गाडी तिथं थांबायची नाही. पिवळी पाटी झर्रकन मागे जायची, आणि तेवढ्यात काळी अक्षरं कोण आधी वाचतं याची पैज असायची : फुरसुंगी.

त्या गावात आमचं कुणी नव्हतं. होता तो बनेश फेणे. काडीसारखा बारीक, चौकड्यांचा शर्ट घातलेला, सायकलवरून वाऱ्यासारखा सुटणारा आणि काही चमत्कारिक दिसलं की जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक्' असा आवाज काढणारा पोरगा. फुरसुंगीहून तो पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना फास्टर फेणे या नावाने पाठ झाला. मिरज-पुणे लोहमार्गावर बसलेल्या आम्हा दोघांना तो कागदावरचा आहे हे कळत होतं. पण गाव खरं निघालं, मग मुलगा का नसावा, असा आमचा साधा हिशेब होता.

हा मुलगा ज्यांनी घडवला ते भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजे भा. रा. भागवत. जन्म 1910, इंदूरचा; मृत्यू 2001. लेखक म्हणून त्यांचं नाव घराघरात आहे. प्रकाशक म्हणून ते फारसं घेतलं जात नाही, आणि मला वाटतं गंमत तिथेच आहे.

1942 च्या चळवळीत भागवत उतरले, तुरुंगात गेले. त्याआधी दिल्लीला आकाशवाणीत नोकरी होती. स्वातंत्र्यानंतर पुन्हा एखाद्या सरकारी खुर्चीत बसायला कुणाची हरकत नव्हती. त्याऐवजी त्यांनी 1951 मध्ये 'बालमित्र' नावाचं मुलांचं मासिक काढलं. पत्नी लीलावती भागवत स्वतः मुलांसाठी लिहिणाऱ्या, पुढे आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या. तेव्हा या घरात दोन पगार नव्हे, दोन लेखण्या होत्या. त्या काळात मुलांचं मासिक चालवायचं म्हणजे काय, ते ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना ठाऊक. वर्गणीदार पावसाळ्यात येतात आणि परीक्षेला गळतात. जाहिरातदार म्हणतो, मुलं थोडीच माल विकत घेणार? मुलांच्या अंकाला चित्रं लागतात, चित्रांना ब्लॉक लागतात आणि ब्लॉकला रोख पैसे लागतात. लेखक मंडळी मोठ्यांच्या दिवाळी अंकाला महिनाभर आधी कथा देतात. मुलांच्या अंकाला 'बघू, जमलं तर' म्हणतात. मग रिकामं पान कोण भरणार? संपादक. 'बालमित्र' सहा-सात वर्षांत बंद पडलं.

मराठीत मुलांचं मासिक बंद पडणं ही काही बातमी नव्हे. मिशनऱ्यांचा 'बालबोध मेवा' 1873 चा, विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' 1881 चं, वासुदेव गोविंद आपट्यांचा 'आनंद' 1906 चा. प्रत्येकाने आपापल्या काळात मुलांना वाचायला लावलं. पण या परंपरेत बोध पुढे आणि गोष्ट मागे, असा क्रम बराच काळ टिकला. मुलाने पुस्तक हातात घ्यावं ते शहाणं होण्यासाठी, ही आईवडिलांची समजूत, आणि पैसे आईवडीलच देणार. 'बालमित्र'च्या संपादकाला दर महिन्याला एक वेगळी परीक्षा द्यावी लागत होती : अंक आल्याबरोबर पोरगं आधी कुठलं पान उघडतं? आणि पुढच्या महिन्यात पोस्टमनची वाट बघतं का? हे शिक्षण कुठल्याही अध्यापक विद्यालयात मिळत नाही. ते बुडणाऱ्या मासिकातच मिळतं, आणि फी जबर असते.

हे मी भागवतांच्या कौतुकापोटी रचलेलं नाही. जगात मुलांच्या साहस-रहस्य मालिकांचा बाप ज्याला म्हणतात तो अमेरिकेतला एडवर्ड स्ट्रॅटमायर, त्याचीही गोष्ट अशीच सुरू होते. 1862 चा जन्म. भावाच्या तंबाखूच्या दुकानात बसून पुड्या बांधायच्या खाकी कागदावर त्याने पहिली मोठी कथा लिहिली आणि ती एका मुलांच्या साप्ताहिकाला 75 डॉलरला विकली. पुढे दुसऱ्यांच्या साप्ताहिकांचं संपादन केलं आणि 1896 मध्ये 'ब्राइट डेज' नावाचं स्वतःचं नियतकालिक काढलं. ते लवकरच बुडालं. तीन वर्षांनी, 1899 मध्ये, त्याची 'रोव्हर बॉईज' ही मालिका आली, आणि त्यानंतर तो माणूस थांबला नाही. टॉम स्विफ्ट, बॉबसी जुळी, हार्डी बॉईज, नॅन्सी ड्रू ही सगळी त्याच्याच टाकसाळीतली नाणी.

टाकसाळ हा शब्द मी जपून वापरतो आहे. 1905 च्या सुमारास स्ट्रॅटमायरने चक्क सिंडिकेट काढलं. तो स्वतः दोन-तीन पानांचा आराखडा लिहायचा : कोण कुठे अडकतं, कोण पळवलं जातं, कुठल्या प्रकरणाच्या शेवटी जिना कोसळतो. तो आराखडा एखाद्या गरजू लेखकाकडे जायचा. लेखक महिन्याभरात पुस्तक लिहून द्यायचा, शंभर-सव्वाशे डॉलर घ्यायचा आणि हक्क कायमचे सोडून दिल्याच्या कागदावर सही करायचा. मुखपृष्ठावर नाव असायचं ते अस्तित्वातच नसलेल्या माणसाचं. हार्डी बॉईजचा फ्रँकलिन डिक्सन म्हणजे सुरुवातीला लेस्ली मॅकफार्लेन नावाचा कॅनडातला पत्रकार. नॅन्सी ड्रूची कॅरोलिन कीन म्हणजे मिल्ड्रेड वर्ट. मुलं या नावांना भक्तिभावाने पत्रं लिहीत.

विकण्याची अक्कलही त्याचीच. कापडी बांधणीचं मुलांचं पुस्तक तेव्हा डॉलर-सव्वा डॉलरला मिळायचं. त्याने ते 50 सेंटवर आणलं. म्हणजे बापाच्या खिशातून काढून मुलाच्या खिशात बसवलं. नवी मालिका काढताना पहिली तीन पुस्तकं एकदमच बाजारात आणायची. एक वाचून झालं की पोराला दुकानात दुसरं दिसलंच पाहिजे. पहिल्या तिघांनी गिऱ्हाईक धरलं तर चौथं छापायचं. आणि प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच धावती गोष्ट जरा थांबवून आधीच्या पुस्तकांची आठवण करून द्यायची, म्हणजे जे वाचलं नाही त्याची हळहळ लागते. अमेरिकेतले ग्रंथपाल भडकले. बॉय स्काउट्सचे मुख्य ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी 1914 मध्ये असली पुस्तकं पोरांचा मेंदू उडवून देतात अशा आशयाचा जळजळीत लेख लिहिला. मुलांनी तो वाचला नसावा. स्ट्रॅटमायर 1930 च्या मे महिन्यात वारला, आणि कारखाना मुलींनी पुढे चालवला.

आता भागवतांकडे परत. कारखाना काढण्याइतकं भांडवल त्यांच्यापाशी नव्हतं, आणि मराठीत तेवढा बाजारही नव्हता. मुलांच्या पुस्तकाची हजार-दोन हजारांची आवृत्ती संपायला वर्षं लागत. तेव्हा आराखडाही त्यांचा, लेखनही त्यांचंच. फास्टर फेणेची वीस पुस्तकं झाली. ती 1970 च्या दशकापासून मालिका म्हणून दुकानात दिसू लागली. शिवाय पुस्तकांत बुडालेला बिपीन बुकलवार आहे, नंदू नवाथे आहे. शिवाय ज्यूल व्हर्नचे अनुवाद : 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. व्हर्न मराठीत आणताना त्यांनी वाक्यं इतकी घरची केली की आमच्या वर्गातल्या एकाला व्हर्न हा कुणी वर्णे आडनावाचा गृहस्थ वाटत होता. साताऱ्याकडचा असेल म्हणाला.

इथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. मराठीत रहस्यकथांची टाकसाळ होतीच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गिनेस बुकात नाव गेलं. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीने तोंडात घोळवली. ती पुस्तकं मुलांनीही वाचली, उशीखाली लपवून. पण अर्नाळकरांचा नायक मोठा माणूस आहे. त्याच्याकडे पिस्तूल, मोटार, वेषांतराची पेटी. बारा वर्षांच्या मुलाने त्याच्याकडे बघायचं ते मान वर करून. दुसऱ्या टोकाला ताम्हनकरांचा गोट्या. तो मुलगाच, पण त्याचं राज्य घर-अंगण-शाळेपुरतं. भागवतांनी यांच्या मधली जागा हेरली : मुलगाच असेल, पण घराबाहेर असेल.

आणि घराबाहेर जायचं कसं? सायकलने.

ही साधी वाटणारी निवड मला फार हुशारीची वाटते. फेणेला ताकद नाही. मारामारीत तो टिकणार नाही हे पहिल्या पानावरच दिसतं. त्याच्याकडे पैसे नाहीत, मोटार नाही. आहे ती दोन चाकं आणि नको तिथं बघायची खोड. आमच्या कोल्हापुरात तासावर सायकल भाड्याने मिळायची. सीट खाली करून, कधी नळीखालून पाय घालून आम्ही रंकाळ्याला चक्कर मारायचो, आणि तास भरायला पाच मिनिटं असताना बिनखांबी गणेशाजवळून परत फिरायचो. तेव्हा सायकलीवरून गुन्हेगाराचा पाठलाग करता येतो ही गोष्ट आम्हाला कल्पित वाटतच नव्हती. अडचण फक्त भाड्याच्या तासाची होती. स्ट्रॅटमायरच्या पोरांकडे मोटारसायकली आणि मोटरबोटी होत्या. ब्रिटिश लेखिका एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'कडे, म्हणजे 1942 पासूनच्या पुस्तकांत, समुद्रकाठचं घर, स्वतःचं बेट आणि टोपलीभर खाऊ होता. ते आम्हाला हवंहवंसं वाटे, पण परदेशासारखं. फेणेचं सगळं हाताशी होतं.

मग पुस्तकागणिक त्याचा परीघ वाढत जातो. नावांवरूनच कळतं : 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे', 'चक्रीवादळात फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'. प्रतापगड झाला, काश्मीर झालं, पन्हाळा मात्र वीसपैकी एकाही नावात नाही. कोल्हापूरकर म्हणून ही तक्रार नोंदवून ठेवतो. अंधारबावसारखी तळघर असलेली विहीर गडावर तयार असताना लेखकाने ती वाया घालवावी, हे काही बरं नव्हे.

मालिका चालवायची तर काही गोष्टी अजिबात हलवायच्या नसतात, हे भागवतांना पक्कं ठाऊक होतं. मुलगा मोठा होऊ द्यायचा नाही. वीस पुस्तकांत कितीही सुट्ट्या झाल्या तरी फेणे शाळेतच. आईवडिलांना गावाकडे ठेवायचं, म्हणजे 'संध्याकाळी सातच्या आत घरात' हा नियम आपोआप गळतो. सोबतीला सुभाष देसाई, शरद, माली अशी दोन-तीन ठरलेली मंडळी. आणि एक आवाज. 'ट्टॉक्' हा शब्द नाही, त्याला अर्थ नाही, तो वाचायचा नसून करायचा असतो. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून तो यायचाच. जाहिरात कंपन्या लाखो रुपये देऊन अशी खूण शोधत असतात. शिवाय राम वाईरकरांची चित्रं होती. फेणेचे ते हातपाय, ते उडणारे केस एका झपाट्यात काढल्यासारखे. चित्र स्थिर असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी वाईरकरांचा फेणे सायकलवर बघावा.

आम्हाला ही पुस्तकं विकत घेऊन मिळायची नाहीत. घरात पुस्तक विकत येई ते पाठ्यपुस्तक, किंवा बक्षीस समारंभातलं. कोल्हापुरात वाचनालयांना तोटा नव्हता. करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासूनचं. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खोलीचं खाजगी वाचनालय होतं, महिन्याच्या वर्गणीवर चालणारं. बाबा कदमांच्या कादंबऱ्या दर्शनी फळीवर, रहस्यकथा त्याखाली, आणि मुलांची पुस्तकं एकदम तळाशी, केर काढताना केरसुणी लागेल अशी. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कण्याला जाड दोऱ्याची शिलाई, इतकी आत घातलेली की ओळीची पहिली दोन अक्षरं शिवणीत जायची. पुस्तक उलटं वाकवून वाचावं लागे.

"काका, फास्टर फेणेचं पुढचं आलं का?"

"परवा तर न्हेलास की एक. वाचलास का नुसती चित्रं बघितलीस?"

"वाचलं की."

"मग ह्ये घे. पण आदीच सांगतो, शेवटची पानं न्हाईत. कुणीतरी फाडल्यात. मागनं येऊन माझ्याशी भांडू नकोस."

मी नेलं. त्या रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली बहिणीला मोठ्याने वाचून दाखवताना गोष्ट अशा जागी तुटली, की चोर दाराशी, फेणे माळ्यावर आणि पुढे नुसता पुठ्ठा. आम्ही दोघांनी मिळून शेवट रचला. त्यात माझ्या आग्रहाने दोन खून झाले आणि बहिणीच्या आग्रहाने एक कुत्रं वाचलं. पुढे कितीतरी वर्षांनी पूर्ण प्रत हाती आली. खून एकही नव्हता. चोर मुकाट पकडला गेला होता आणि सगळे चहा पीत होते. मला जरा फसल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. भागवतांच्या रहस्यांची हीच दुबळी बाजू आहे. कोडं फार खोल नसतं. मोठा वाचक मध्यावरच ओळखतो. योगायोगही सढळ हाताने येतात. पण आजही एखादं पान उघडलं तर डोळा पुढे पळतोच, कारण प्रत्येक प्रकरण अंक संपावा तसं संपतं. मासिक बंद पडलं होतं, पण दर महिन्याला पोराला अडकवून ठेवायची संपादकाची सवय मेली नव्हती.

अशीच एक जोडी बंगालीतही आहे. आजोबांनी 1913 मध्ये काढलेलं 'संदेश' हे मुलांचं मासिक सत्यजित राय यांनी 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं, अंकाची पानं भरायला स्वतः लिहू लागले, आणि 1965 मध्ये त्यातून फेलूदा हा गुप्तहेर उभा राहिला. पुढे अशोक जैन यांनी तो मराठीत आणला. राय यांचं नाव मोठं होतं, पाठीशी सिनेमाची कमाई होती, म्हणून 'संदेश' तगलं. 'बालमित्र'पाशी तसं काही नव्हतं. बाकी दोघांची वाट एकच.

फेणे कागदाबाहेरही गेला. 1987 च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका आली, सुमीत राघवन फेणे झाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका टीव्हीसमोर चौदा चपलांचे जोड मोजल्याचं आठवतं. 2017 मध्ये आदित्य सरपोतदारांनी चित्रपट केला. अमेय वाघचा फेणे त्यात मोठा झालेला होता आणि रहस्य होतं वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्याचं. दिलीप प्रभावळकर स्वतः भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर आले, म्हणजे पात्राच्या घरी लेखक पाहुणा. ही कल्पना भागवतांना नक्की आवडली असती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या भाच्याने मध्यंतरात विचारलं, "मामा, ह्याची पुस्तकं पण आहेत?" मी त्याला संच आणून दिला. एक वाचून त्याने दुसरं मागितलं, मग तिसरं. स्ट्रॅटमायरचा तीनाचा हिशेब शंभरावर वर्षांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीत खरा ठरला.

मागच्या हिवाळ्यात पुण्याला जाताना तोच भाचा बरोबर होता. त्याच्या कानात हेडफोन होते. जेजुरी गेली, पिशव्या निघायला लागल्या. पुण्यात आता फुरसुंगी म्हटलं की लोकांना आधी कचरा डेपो आठवतो, तेव्हा त्याला काही सांगावं की नाही या विचारात मी होतो. पाटी आली. गाडी थांबली नाही. मी वळून बघितलं तर त्याने एका कानातला हेडफोन काढला होता आणि मान वळवून तो मागे जाणारी अक्षरं वाचत होता.

"मामा," तो म्हणाला, "इथून विद्याभवन किती लांब? सायकलने?"

मी गूगलवर बघायला लागलो. विद्याभवन कुठे आहे ते आधी ठरवावं लागणार होतं.